वह्या बदला! मुलांनी मुलांचं तपासावं का?

"वह्या बदला!" मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही या दोन शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शुद्धलेखनाचे दहा शब्द लिहून झाले की गुरुजी किंवा बाई ही आज्ञा सोडायच्या. आपली वही शेजाऱ्याकडे जायची, त्याची आपल्याकडे यायची. फळ्यावर बरोबर शब्द उमटायचे आणि पुढची पाच मिनिटं आपण सगळे छोटे मास्तर व्हायचो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीवर गोल करताना कोण आनंद व्हायचा! शेवटी प्रश्न यायचा, "दहापैकी दहा कुणाला?" आणि वर्गात हात वर जायचे. काही हात मात्र खालीच राहायचे.

आज शिक्षणशास्त्रात याला सहाध्यायी मूल्यमापन म्हणतात. म्हणजे विद्यार्थ्याचं काम त्याच्याच बरोबरीच्या विद्यार्थ्यांनी तपासायचं. आता त्यासाठी संगणकावर साधनं आली आहेत, त्यावर संशोधन झालं आहे, आणि आपल्या शैक्षणिक धोरणातही त्याला जागा मिळाली आहे. आपली मुलं ज्या शाळांत शिकतात तिथे आज ना उद्या हा प्रकार येणार. तेव्हा पालक म्हणून, ताई-दादा म्हणून तो काय आहे, कुठे उपयोगी आहे आणि कुठे जपून राहायला हवं, हे समजून घेतलेलं बरं. मी शिक्षक नाही. मूळचा सदलग्याचा, बी. ई. झालेला, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस. पण एकमेकांचं काम तपासणं हा माझ्या धंद्याचा रोजचा भाग आहे. शिवाय गेल्या वर्षी गावाकडे या विषयाशी जवळून गाठ पडली, म्हणून हा लेख.

नदीच्या दोन काठांवर

सदलगा बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी तालुक्यात, दूधगंगेच्या काठी. सगळा उसाचा पट्टा. नदी ओलांडली की कोल्हापूर जिल्ह्यातला शिरोळ तालुका. पाहुणेरावळे दोन्हीकडे, बाजार दोन्हीकडे, पण शाळा दोन वेगळ्या राज्यांच्या. आमच्याकडच्या मराठी माध्यमाच्या मुलांची पुस्तकं कर्नाटक सरकार छापतं, पलीकडच्या मुलांची महाराष्ट्राची बालभारती.

२९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर केलं. त्यात प्रगतिपत्रक 'चौफेर' असावं असं म्हटलं आहे. शिक्षकांच्या मूल्यमापनासोबत मुलाने स्वतःचं केलेलं आणि त्याच्या वर्गमित्रांनी केलेलं मूल्यमापनही त्यात यावं, अशी कल्पना. कर्नाटकाने २०२३ मध्ये वेगळी वाट धरली. स्वतःचं राज्य शिक्षण धोरण आखण्यासाठी अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. म्हणजे कर्नाटकाच्या धोरणासाठी एक मराठी माणूस, हा योग सीमाभागातल्या आमच्यासारख्यांना गमतीचा वाटतोच! धोरणं दोन असली, तरी वर्गातला प्रश्न दोन्ही काठांवर एकच आहे: चाळीस-पन्नास मुलांच्या वह्या एका शिक्षकाने किती मन लावून तपासायच्या?

माझी मोठी मामेबहीण, आमची अक्का, सीमाभागातल्या एका हायस्कुलात मराठी शिकवते. दिवाळीत गेलो होतो तेव्हा वह्यांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसली होती. म्हणाली, "हे बघ, ह्या पोराच्या निबंधाखाली मी 'मुद्दे वाढव' लिहिलंय. मागच्या वेळीपण तेच लिहिलेलं. त्याला मुद्दा म्हंजे काय हे कुठं कळलंय? दुसऱ्याचा चांगला निबंध वाचल्याशिवाय कळणार तरी कसं?"

तिच्या या शेवटच्या वाक्यात सहाध्यायी मूल्यमापनाचं मर्म आहे. तपासून घेणाऱ्यापेक्षा तपासणारा जास्त शिकतो. नववीतल्या मुलाने आयुष्यात किती निबंध वाचलेले असतात? पुस्तकातले धडे, गाइडातले नमुने आणि स्वतःचे. आपल्याच वयाच्या मुलाने तोच विषय कसा मांडला हे त्याला कधी दिसतच नाही. पाच जणांचं वाचलं की आपलं कुठे पातळ झालंय, ते कुणी न सांगता दिसायला लागतं.

मद्रासची वाळू आणि ओक्लाहोमाची आई

ही कल्पना बाहेरून आलेली आहे असंही नाही. १७८९ मध्ये अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री मद्रासजवळच्या एग्मोरच्या अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख झाला. तिथल्या एका देशी शाळेत मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना त्याने पाहिली. त्याने आपल्या शाळेत थोडी पुढची मुलं धाकट्यांना शिकवतील अशी व्यवस्था बसवली आणि १७९७ मध्ये त्यावर पुस्तिका छापली. इंग्लंडमध्ये ती 'मद्रास पद्धत' म्हणून गाजली. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेतही धूळपाटीवर धाकट्यांचा हात धरून गिरवून घेणारा थोरला पोरगा असायचाच.

'वह्या बदला'वर थेट कोर्टबाजी झाली ती मात्र अमेरिकेत. ओक्लाहोमा राज्यातल्या ओवासो गावच्या शाळेत मुलं एकमेकांचे पेपर तपासायची आणि गुण मोठ्याने सांगायची. एका आईने आक्षेप घेतला, की माझ्या मुलांचे गुण वर्गभर का कळावेत? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. फेब्रुवारी २००२ मध्ये न्यायालयाने एकमताने शाळेच्या बाजूने निकाल दिला. विद्यार्थ्याची माहिती गुप्त ठेवण्याच्या कायद्याचा यात भंग होत नाही, आणि सोबत्याचं काम तपासणं हादेखील अभ्यासाचाच भाग असू शकतो, असा त्याचा आशय.

कायद्याने ती आई हरली, पण तिचं दुखणं खरं होतं. आपल्या वर्गात ज्यांचे हात वर जात नसत, त्यांना विचारा. 'वह्या बदला'चे दोन दोष आपल्या सगळ्यांना ठाऊक आहेत. एक, दोस्त असेल तर चूक दिसूनही दिसत नाही आणि भांडण असेल तर नसलेली दिसते. दोन, चारचौघांत लाज निघते. संगणकाचा उपयोग या दोन दोषांवर होतो.

आमच्या धंद्यातली वही

सॉफ्टवेअरच्या कंपनीत कुणीही लिहिलेला प्रोग्राम थेट ग्राहकाकडे जात नाही. आधी तो सहकारी वाचतात, ओळीशेजारी शेरे लिहितात, आपण दुरुस्त करतो, ते पुन्हा वाचतात. याला आम्ही कोड रिव्ह्यू म्हणतो. काल रुजू झालेली मुलगीही पंधरा वर्षं मुरलेल्या माणसाच्या कामावर 'इथे संख्या शून्य आली तर काय होईल?' असा प्रश्न टाकू शकते, आणि त्याला उत्तर द्यावं लागतं.

या प्रथेची शिस्तशीर मांडणी आयबीएममधल्या मायकेल फेगन यांनी १९७६ मध्ये केली. त्यांनी एक गोष्ट ठामपणे सांगितली होती: तपासणीत सापडलेल्या चुका त्या माणसाच्या कामगिरीचं मोजमाप म्हणून वापरू नका. कारण उघड आहे. शेऱ्यामुळे सोबत्याची पगारवाढ अडणार असेल, तर कुणी खरा शेरा लिहिणार नाही.

शाळेला हे जसंच्या तसं लागू पडतं. मित्राने दिलेले गुण प्रगतिपत्रकात चढणार म्हटलं की तपासणी संपते आणि व्यवहार सुरू होतो. "तू मला आठ दे, मी तुला आठ देतो." म्हणून मुलांच्या तपासणीतून गुणांपेक्षा शेरे घ्यावेत, आणि शेऱ्यांनंतर काम सुधारून पुन्हा लिहायची संधी द्यावी. कच्च्या मसुद्यावर शेरा मिळाला तर तो उपयोगी पडतो. परीक्षा होऊन गेल्यावर मिळालेला शेरा कुणी वाचतही नाही.

आकडे काय सांगतात

मोठ्या प्रमाणावर याची परीक्षा २०१२ नंतर झाली. कोर्सेरासारख्या ऑनलाइन वर्गांत हजारो विद्यार्थी आणि मोजके शिक्षक. निबंध किंवा आराखडा संगणकाला तपासता येत नव्हता, मग विद्यार्थ्यांनीच एकमेकांचं तपासायचं ठरलं. स्टॅनफर्डच्या अशा एका अभ्यासक्रमावर चिन्मय कुलकर्णी, स्कॉट क्लेमर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये शोधनिबंध लिहिला. त्यातले निष्कर्ष वाचनीय आहेत.

अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या फेरीत सोबत्यांनी दिलेले गुण ४२.९ टक्के वेळा शिक्षकांच्या गुणांच्या पाच टक्क्यांच्या आत होते, आणि ६५.५ टक्के वेळा दहा टक्क्यांच्या आत. म्हणजे अगदीच वाऱ्यावरची वरात नाही, पण डोळे मिटून विश्वास ठेवावा असंही नाही. स्वतःचं काम तपासताना विद्यार्थ्यांनी शिक्षकांपेक्षा सरासरी ७ टक्के जास्त गुण घेतले. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्यातलं मुसळ दिसत नाही, याचा आता आकडाही मिळाला! आणि आपल्याच देशातल्या विद्यार्थ्याला, तो कोण हे माहीत नसताना, ३.६ टक्के जास्त गुण दिले गेले. आपला माणूस म्हटलं की हात सैल होतो, मग तो देश असो, गल्ली असो की भावकी.

पण त्याच निबंधात उपायही आहे. तुझा हात सैल आहे की कडक, हे तपासणाऱ्याला कळवलं तर पुढची तपासणी सुधारली. निकषांची भाषा नेमकी केली तेव्हा गुणांतला फरक १२.४ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आला. थोडक्यात, तपासणं ही शिकवता येणारी गोष्ट आहे.

एक सोपी युक्ती नववी-दहावीच्या मुलांनाही कळेल अशी. समजा पाच जणांनी दिलेले गुण २, ६, ७, ७, ८ असे आहेत. सरासरी येते ६. पण चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घेतला, म्हणजे गणितातला मध्यक, तर येतो ७. दोन गुण देणाऱ्याने राग काढला असेल, तर मध्यक त्याला दाद देत नाही.

फुकट मिळणारं साधन

शाळांना यासाठी पैसे मोजायलाच हवेत असं नाही. मूडल ही प्रणाली मोफत आहे, मुक्त स्रोताची आहे, आणि जगभरच्या शाळा-महाविद्यालयांत वापरली जाते. ती २००२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मार्टिन डुगियामास यांनी आणली. त्यांचं लहानपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या दुर्गम वस्तीत गेलं, तिथे शाळा रेडिओवरून भरायची. लांबच्या मुलांची शाळा म्हणजे काय, हे त्या माणसाने स्वतः भोगलेलं आहे.

मूडलमध्ये 'वर्कशॉप' नावाचा भाग आहे. त्यात काम पाच टप्प्यांत चालतं: मांडणी, काम जमा करणं, एकमेकांचं तपासणं, तपासणीचं मूल्यमापन आणि समाप्ती. कुणाचं काम कुणाकडे जावं हे संगणक ठरवतो, नावं झाकता येतात, शिक्षक निकष लिहून देतात. मला सगळ्यात आवडलं ते असं, की विद्यार्थ्याला दोन गुण मिळतात, एक स्वतःच्या कामाचा आणि दुसरा त्याने केलेल्या तपासणीचा. मूळ मांडणीत कामाला ८० आणि तपासणीला २०. शिक्षकाला हे प्रमाण बदलता येतं.

अक्काच्या वर्गात

अक्काच्या शाळेत मूडल नव्हतं. मुलांना मोबाइल आणायला बंदी, आणि ती असावीच. संगणक कक्षात चालू स्थितीतली यंत्रं थोडी. मग आहे त्यात भागवायचं ठरलं. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन अक्काने नववीच्या दोन तुकड्यांना औपचारिक पत्र लिहायला दिलं: आपल्या गल्लीतली गटार तुंबली आहे, पुरसभेला कळवा. पत्रं कागदावरच. अक्काने स्वतःच्या मोबाइलवर त्यांची छायाचित्रं काढली आणि नावाऐवजी क्रमांक घातले. कुणाकडे कुठली तीन पत्रं जातील याची वाटणी मी इथून एका स्प्रेडशीटमध्ये केली. शेरे लिहायला एक साधा ऑनलाइन अर्ज, संगणकाच्या तासाला गटागटाने भरायचा.

गावच्या वर्गात एक अडचण कुठल्याही शोधनिबंधात सापडणार नाही. तिथे सगळे एकमेकांचं अक्षर ओळखतात! नाव झाकून काय उपयोग? म्हणून अ तुकडीची पत्रं ब तुकडीला आणि ब तुकडीची अ तुकडीला दिली. ओळख पूर्ण पुसली गेली नाही, पण पातळ झाली.

दुसरी अडचण टंकलेखनाची. मराठी टाइप करायला मुलांना वेळ लागतो. बोलून टाइप करायची सोय लावली, तर संगणक कक्षाचा निपाणीचा आठवडी बाजार झाला. आमच्या मुलांच्या बोलण्यात कन्नड शब्द सहज येतात, त्यांचं संगणकाने काय काय लिहिलं ते वाचून अक्का हसून हसून दमली.

पहिल्या फेरीत प्रश्न मुद्दाम मोकळा ठेवला होता: पत्र कसं वाटलं? उत्तरं आली 'छान', 'खूप छान', 'अक्षर छान'. कुणी कुणाला दुखावलं नाही आणि कुणी काही शिकलंही नाही. दुसऱ्या फेरीत अक्काने चार प्रश्न घातले. पत्र कुणाला लिहिलंय ते पहिल्या दोन ओळींत कळतं का? गटार नेमकी कुठली, ते सांगितलंय का? अधिकाऱ्याने काय करावं, हे कुठल्या वाक्यात आहे, ते वाक्य उतरवून काढ. तुझ्या मते एक कोणती गोष्ट बदलली तर पत्र सुधारेल?

वर्गातली एक मुलगी, जिचा आवाज अक्काने हजेरीपलीकडे क्वचित ऐकला होता, तिने लिहिलं: "पत्रात तक्रार तीनदा आहे पण मागणी एकदाही नाही. साहेबांनी वाचून काय करायचं?" ते पत्र होतं शेजारच्या तुकडीतल्या एका वजनदार घरातल्या मुलाचं. समोरासमोर ती हे कधीच बोलली नसती. तिला ते पत्र कुणाचं हे ठाऊक नव्हतं, त्याला शेरा कुणाचा हे ठाऊक नव्हतं. त्याने पत्र पुन्हा लिहिलं, आणि या वेळी शेवटच्या परिच्छेदात मागणी होती, तारीख घालून. अक्काला विचारलं, तर म्हणाली, "त्याचं पत्र सुधारलं ते सोड. ह्या पोरीला एवढं कळतंय हे मला कळलं, ते मोठं."

मला वाटतं, डिजिटल साधनाचा खरा फायदा इथे आहे. वेळ वाचतो म्हणतात, पण पहिल्या खेपेला अक्काचा वेळ वाढलाच. फायदा असा, की शेरा कुणाचा आहे यावर त्याचं वजन ठरत नाही. आपल्या समाजात कोण बोललं ते आधी बघतात आणि काय बोललं ते नंतर. नववीच्या वर्गात थोडा वेळ का होईना, हा क्रम उलटा झाला.

जपायचं ते इथे

पण नाव झाकलं की धीर येतो तसा चावटपणाही येतो. त्यामुळे शेरा लिहिणारा सोबत्यांना कळू नये, पण शिक्षकाला कळलाच पाहिजे, आणि हे मुलांना आधीच सांगितलेलं असावं. शेरे मुलांपर्यंत जाण्याआधी शिक्षकांनी नजरेखालून घालावेत. शेवटचा शब्द शिक्षकांचाच असावा. मुलं एकमेकांना वाट दाखवतील, पण दोघंही चुकीच्या वाटेला लागले तर हाक मारायला कुणीतरी मोठं हवं. विशेषतः व्याकरण आणि गणितासारख्या विषयांत पाच जण एकमताने चुकू शकतात.

दुसरं माहितीचं. मुलांची नावं, छायाचित्रं, गुण कुठल्यातरी मोफत ॲपवर चढवण्याआधी शाळेने पालकांना विचारावं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीवर भर आहे. शाळेकडून संमतिपत्र आलं तर सही करण्यापूर्वी माहिती कुठे साठवणार आणि कधी पुसणार, हे दोन प्रश्न जरूर विचारा. अक्काने काम संपल्यावर छायाचित्रं पुसून टाकली, कागद मुलांना परत दिले.

घरी करून बघा

आपल्या मंडळाच्या घरांतून शाळेची वाट न बघताही हे करता येईल. दोन भावंडं, मावस-आते-चुलत बहीणभाऊ, किंवा मंडळाच्या मराठी वर्गातली चार मुलं घ्या. एकच विषय द्या, दहा ओळी लिहायला सांगा. नावं न घालता एकमेकांना द्या आणि तीन गोष्टी लिहायला सांगा: यातलं आवडलेलं एक वाक्य, न कळलेली एक जागा, आणि विचारावासा वाटणारा एक प्रश्न. गुण देऊ नका. दोन दिवसांनी तेच लेखन सुधारून घ्या आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून मुलांनाच वाचू द्या. मोठ्यांनीही एखादा कागद लिहून त्या ढिगात सरकवावा. आई-बाबांचं लेखन तपासायला मिळणार म्हटलं की मुलं किती बारकाईने वाचतात ते बघाच.

अक्काच्या मनात आता पुढचं आहे. तिच्या मुलांची मराठी गावाकडची, कन्नडच्या शेजारात वाढलेली. आपल्या मंडळातल्या मुलांची मराठी शहरातली, इंग्रजीच्या शेजारातली. दोघांनी एकमेकांची पत्रं तपासली तर? तिकडच्या पोराला विचारावं लागेल, 'वीकेंडला चिल केलं' म्हणजे काय केलं? आणि इकडच्याला विचारावं लागेल, उसाला 'तोड' आली म्हणजे नक्की काय झालं? पुढच्या सत्रात दहा-बारा मुलांपासून सुरुवात करायची आहे. ज्या पालकांना आपल्या मुलांना यात घालायचं असेल त्यांनी मंडळाच्या मराठी वर्गाच्या ताईंकडे नाव द्यावं. वाटणीची स्प्रेडशीट मी सांभाळतो, निकष अक्का लिहील.